महाराजांचा पिंजऱ्याचा घागरा

"दसऱ्याच्या दरबारात राणीसाहेबांनी विलायती घागरा घालून आमच्या शेजारी उभं राहायचं," असा हुकूम कुंभेरगडच्या उदाजीराव महाराजांनी सोडला आणि राणीवशात रडारड सुरू झाली.

महाराजांनी गोऱ्या साहेबाच्या छावणीत त्याच्या मडमेचा घागरा पाहिला होता. तो कमरेखाली असा फुगलेला, की बाई चालली म्हणजे तंबूच चालल्यासारखा दिसे. झालं! महाराजांच्या डोक्यात तेच वेड शिरलं. मुंबईहून तसाच घागरा आला. आत पोलादी तारांची कडी, खाली खाली मोठी होत गेलेली, आणि वरून जांभळं रेशीम.

दर्याबाई राणीसाहेबांनी तो एकदा घालून पाहिला. देवघराच्या दारात त्या अडकल्या. पाटावर बसायला गेल्या, तर पुढचा घेर उसळून थेट नाकाला लागला. त्यांच्या माहेराहून आलेली दासी गोजरा हसू दाबता दाबता बेजार झाली. पण राणीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि तिचं हसू पळालं. ज्या बाईचं नखही कधी परक्या पुरुषाच्या दृष्टीस पडलं नव्हतं, तिनं सगळ्या सरदारांपुढे त्या पिंजऱ्यात उभं राहायचं? घेर जरा उडाला तरी मला विहीर जवळ करावी लागेल, असं त्या म्हणाल्या.

गोजरानं महाराजांना विनवून पाहिलं. महाराज ऐकतील तर शपथ. दुसऱ्या कुणा बाईला त्यात घुसवलेलं चालणार नाही, असं त्यांनी बजावलं. आणि राणी दरबारात आली नाही, तर तिला फितवणारी तूच, त्याच संध्याकाळी तुला सरहद्दीपार काढीन! सासरी राणीसाहेबांना जिवाभावाचं माणूस होतं ते एवढी गोजराच.

दसऱ्याला दरबार भरला. गोजरा घागरा घेऊन आत आली, महाराजांच्या शेजारी तिनं तो ठेवला, आणि कड्यांच्या जोरावर तो एकटाच ऐटीत उभा राहिला. तिनं त्याच्या कंबरपट्टीला हळदकुंकू लावलं आणि मुजरा केला. सरदारांनी मिशांत हसू लपवलं.

"राणी कुठे आहे?" महाराज कडाडले.

"ह्या काय, सरकार. शेजारीच उभ्या आहेत."

"हा रिकामा घागरा आहे!"

"सरकारांच्या लग्नात आमच्याकडे नुसती तलवारच आली होती," गोजरा म्हणाली. "आपण शिकारीला गेला होता. वऱ्हाडी म्हणाले, महाराजांचा खांडा आला म्हणजे महाराजच आले. बाईसाहेबांनी खांड्याला माळ घातली, खांड्याबरोबर सप्तपदी चालल्या. नवरा कुठाय, असं एका शब्दानं विचारलं नाही. खांडा नवरा होतो, तर घागरा बायको का होणार नाही? आणि खांडा म्हणजे आपण नव्हेच, असं सरकारांचं म्हणणं असेल, तर बाईसाहेबांचं लग्नच झालेलं नाही. मेणा दारात तयार आहे. आम्ही माहेरी निघतो."

महाराजांनी घागऱ्याकडे पाहिलं, मग कमरेच्या तलवारीकडे पाहिलं. आधी त्यांच्या मिशा हलल्या, मग पोट हललं, आणि शेवटी ते इतके हसले की पगडी कानावर आली. राणीसाहेबांपुढे पुन्हा कुणी त्या घागऱ्याचं नावही काढू नये, असा नवा हुकूम त्यांनी तिथल्या तिथे दिला. मग गोजराला विचारलं, "बोल, काय हवं?"

"हा घागराच द्या, सरकार."

"तू घालणार?"

"मी कशाला? माझ्या कोंबड्यांवर झाकायला डालगं हवंय."

महाराजांना पुन्हा हसू आवरेना. गोजराला घागरा मिळाला, आणि वर सोन्याच्या पाटल्याही मिळाल्या.