सिंहासनाला साकडं

सोनवडच्या गजेंद्रपाळ महाराजांनी दवंडी पिटवली, "आजपासून राज्यात देव एकच, आमचं सरकार! रोज सिंहासनापुढे गुडघे टेका आणि जे मागायचं ते सिंहासनापाशी मागा!"

दिवाण त्रिंबकपंत तर महाराजांच्याही वरचढ. पहाटे गच्चीवर चढून ते पूर्वेकडे ओरडत, "ऊग! सरकारची परवानगी आहे!" सूर्य उगवला की महाराजांना लवून मुजरा करत, "सूर्यानं ऐकलं हो, महाराज!"

लोक मुकाट्याने गुडघे टेकून घरी जात. अडून बसली ती एकटी कातरीन. समुद्राकाठच्या, खाऱ्या विहिरींच्या ख्रिस्ती वाडीत ती पाव भाजायची. शिपायांनी तिला पिठाच्या हातांनीच दरबारात आणलं.

"आमचा एवढा राग?" महाराज गरजले.

"राग कसला, महाराज! आपले बाकी सगळे हुकूम पाळते, दर रविवारी आपल्यासाठी प्रार्थनाही करते. पण गुडघे टेकते ते फक्त देवापुढं."

"आमच्यासाठी? काय मागतेस?"

"महाराजांना सुबुद्धी दे, म्हणते."

"मग?"

"अजून वाट बघतेय."

दरबाऱ्यांनी हसू गिळलं. महाराज लालबुंद झाले.

"ऐक! उद्या सूर्य मावळताच तुमच्या चर्चच्या वेदीवर आमचं सिंहासन बसेल. ते टाळायचं असेल तर त्याआधी सिद्ध कर की सरकार देव नाही. पण 'सरकार देव नाही' हे शब्द जो कुणी उच्चारेल, तो तुरुंगात!"

त्या वेदीपुढं कातरीनचं लग्न लागलं होतं आणि मागच्या अंगणात तिच्या नवऱ्याची कबर होती. ते शब्द न उच्चारता सिद्ध करायचं कसं? मग तिचे डोळे लुकलुकले.

"महाराज, एकच विनंती. लोक नुसतेच गुडघे टेकून जातात, मागत कुणीच नाही. उद्या त्यांना मनापासून मागू द्या. कुणालाही हाकलू नका."

"मंजूर!" महाराज खूश झाले.

कातरीन दारोदार फिरली. "उद्या सरकार सगळ्यांचं ऐकणार आहे. देवाकडे मागता ते मागा, लाजू नका!"

सकाळी रांग वेशीबाहेर गेली. पहिला आला कुंभार. "महाराज, मडकी वाळायचीत. कडक ऊन द्या!"

त्याच्या मागे माळी. "महाराज, रोपं सुकली. आत्ताच्या आत्ता पाऊस द्या!"

"दोन्ही मंजूर!" दिवाण म्हणाले. कुंभार आणि माळी हात जोडून आभाळाकडे बघत उभे राहिले. हलेनातच!

एका टकल्याने केस मागितले. एकीने घोरणारा नवरा शांत करून मागितला. एक जण रडत म्हणाला, "मी शेजाऱ्याचा बोकड चोरून खाल्ला. माझं पाप धुऊन टाका!"

"तरीच!" मागे उभा असलेला शेजारी ओरडला.

"माफ केलं!" महाराज घाईने म्हणाले.

"बोकड माझा आणि माफ करणारे तुम्ही कोण?"

शिपाई त्याच्यावर धावले. कातरीन मध्ये पडली. "थांबा! सरकार देव नाही, असं कुठं म्हणाला तो? नुसतं विचारलंन!"

"पण तू म्हणालीस!" दिवाण किंचाळले.

"मग मी काय म्हणाले ते सांगा बघू! तेच शब्द तुम्हालाही उच्चारावे लागतील!" कातरीन म्हणाली. दिवाणांनी तोंडावर हात ठेवला.

दुपारी महाराजांचं ताट आलं. कातरीन अदबीने म्हणाली, "महाराज, देवाला भूक लागते हे बघून लोक गोंधळतील." ताट परत गेलं. महाराजांना शिंक आली. रांगेत कुजबुज झाली, "देवाला पडसं?" महाराज सिंहासनावर चुळबुळू लागले, पण रांग काही संपेना.

दिवस कलताना ठकूबाई नावाची म्हातारी काठी टेकत पुढे आली.

"महाराज, माझा पोरगा तुमच्या लढाईत गेला. तेवढा परत द्या."

"मंजू..." दिवाण म्हणू लागले. महाराजांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

म्हातारी वळून दाराकडे बघू लागली. खरंच वाट बघत होती ती! कातरीनच्याही डोळ्यांत पाणी आलं. महाराज सिंहासनावरून उतरले आणि त्यांनी म्हातारीचा हात धरला.

"आजी, हे मला नाही जमणार."

"का हो? तुम्ही देव ना?"

"नाही, आजी. सरकार देव नाही. मी माणूस आहे."

"महाराज!" दिवाण ओरडले. "हे बोलायला बंदी आहे!"

शिपाई बेड्या घेऊन पुढे झाले, महाराजांकडे बघून मागे झाले, पुन्हा पुढे झाले. महाराजांनी कपाळाला हात लावला. "कातरीन, आमच्याच कायद्याने आम्ही कैदी! आता आम्हाला कोण सोडवणार?"

"सोपं आहे, महाराज! कायदा देवाचा असता तर अवघड होतं. हा माणसानं केलाय, माणसाला मोडता येतो!"

महाराज आधी खुदकन हसले, मग इतके हसले की मुकुट घरंगळत दिवाणांच्या पायाशी गेला.

"कायदा रद्द! चर्चला कुणी हात लावायचा नाही! आजींना रोज आमच्या मुदपाकखान्यातून जेवण! आणि कातरीनच्या वाडीला गोड्या पाण्याची विहीर!" महाराज दाराकडे धावत सुटले. "आता वाट सोडा रे! आम्हाला सकाळपासून घाईची लागलीय!"