निंबकरांचा डावा अंगठा

आपला हात कधी चुकत नाही, असं वॉर्डाचे मोठे डॉक्टर निंबकर स्वतःच सांगत. त्यामुळे वापरलेल्या सुईला टोपण लावताना शिकाऊ नर्स कल्याणीच्या बोटात ती घुसली, तेव्हा ते कडाडले, "साधं टोपण लावता येत नाही? लक्ष असलं की टोचत नाही. ट्रेनिंग बंद, घरी जा!" वॉर्डाच्या नोंदवहीत तसा शेरा मारून त्यांनी शाईपेनाला टोपण लावलं.

कल्याणीची मैत्रीण वैजयंती हळूच म्हणाली, "सर, तुमचा डावा अंगठा बघता?"

अंगठ्यावर शाईचे निळे ठिपके होते, आजचे आणि कालचेही.

"तुमची शाई साबणानं जाईल, सर. हिच्या रक्तात काय गेलं, ते कळायला महिने लागतील."

निंबकर अंगठा चोळत राहिले. मग शेरा खोडून त्यांनी लिहिलं, 'सुईला टोपण लावू नये. प्रत्येक खाटेजवळ वापरलेल्या सुया टाकायचा डबा ठेवावा.'

पेनही त्यांनी उघडंच टेबलावर ठेवलं.