भळगटांच्या गाडीचे टायर

“मग कुठले घेऊ, महासतीजी?”

“काय कुठले?”

“टायर. गाडीचे.”

महासती संयमप्रभाजी गावच्या शाळेच्या ओसरीवर बसून गोचरीचं, भिक्षेचं लाकडी पात्र पुसत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

समोर हात जोडून बसलेला प्रफुल्ल भळगट उत्तराची वाट पाहत राहिला.

प्रफुल्लचं नगरला भांड्यांचं दुकान. पांढरी सेडान घेतली तेव्हापासून त्यानं एक सेवा आपल्याकडे घेतली होती. साध्वी वाहनात बसत नाहीत. अनवाणी चालत गावोगाव विहार करतात. त्या निघाल्या की हा मागून गाडी आणायचा, चालीच्या वेगानं, दिवे लुकलुकत ठेवून. मागून येणाऱ्या ट्रकला आधी ही गाडी दिसायची, मग साध्वी.

जैन संघात सगळे म्हणायचे, भळगटांची गाडी मागे असली की काळजी नाही.

तोही सांगायचा. कुणी विचारलं नाही तरी.

आज सकाळी घाट उतरताना पुढे गेलेला पाण्याचा टँकर गळत गेला होता. वळणावर रस्ता ओला होता. महासतीजी अचानक थांबल्या, कारण पायापुढून एक सुरवंट चालला होता. प्रफुल्लनं ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही, सरकत राहिली.

थांबली तेव्हा बंपर महासतीजींच्या पांढऱ्या वस्त्राला टेकला होता.

बरोबरच्या दोन तरुण साध्वी जागच्या जागी उभ्या राहिल्या. महासतीजींनी सुरवंट पलीकडे जाऊ दिला आणि त्या चालू लागल्या.

आता दुपारी प्रफुल्लच बोलत होता.

“टायर गुळगुळीत झालेत, खरंय. पण माझा हात बसलेला आहे म्हणून गाडी थांबली. दुसरा कुणी असता तर...”

महासतीजी पात्र पुसत राहिल्या.

“दुकानदाराला फोन केला होता. तो म्हणतो, एक साइज रुंद टाका, गाडी उठून दिसते. दुसरे आहेत, त्यांचा आवाज अजिबात येत नाही. तिसरे वर्षानुवर्षं झिजत नाहीत. विहाराची गाडी आहे, तिला साजेसं काहीतरी हवं. आपण सांगाल ते घेतो.”

“आम्हाला वाहन वर्ज्य आहे,” तोंडावरच्या मुहपत्तीआडून महासतीजी म्हणाल्या. “त्याच्या टायरचं आम्ही काय सांगणार?”

“तरी पण.”

“सकाळी गाडी थांबली तेव्हा तुला काय दिसलं?”

“आपली पाठ.”

“मला काय दिसलं?”

“आपल्याला... मागचं कसं दिसणार?”

महासतीजींनी पात्र झोळीत ठेवलं.

“उद्या आमच्याबरोबर पायी ये.”

“आणि गाडी?”

महासतीजींनी झोळीची गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर साध्वी निघाल्या. प्रफुल्लनं चपला गाडीत काढून ठेवल्या आणि किल्ली बरोबर आलेल्या मेहुण्याला, दिलीपला दिली. सपाट रस्ता आहे, पहिल्या गिअरमध्येच ठेव, असं बजावलं. मग तो महासतीजींच्या मागे, गाडीच्या पुढे चालू लागला.

खडी तळव्याला टोचत होती. तेवढं तो सोसू शकत होता.

मागून चाकांचा आवाज येत होता. खडे चिरडल्याचा, मधूनच डांबराला चिकटून सुटल्याचा. चार वर्षं तो आवाज त्यानं काचा लावून ऐकला होता, किंबहुना ऐकलाच नव्हता. आता तो पोटरीपाशी आल्यासारखा वाटत होता. त्यानं मागे पाहिलं. गाडी बरीच लांब होती.

पुन्हा चालला. पुन्हा पाहिलं.

रस्त्याच्या कडेला कुणीतरी म्हशी धुतल्या होत्या. डांबरावर पाणी पसरलेलं. ते ओलांडताना प्रफुल्लची पाठ आखडली. त्यानं हात मागे करून दिलीपला खूण केली. थांब. आणखी मागे राहा.

महासतीजी त्याच चालीनं पुढे जात होत्या. नजर हातभर पुढच्या जमिनीवर. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

“महासतीजी,” तो शेवटी म्हणाला, “आपल्याला कधीच भीती वाटली नाही?”

“कशाची?”

“माझी.”

महासतीजी दोन पावलं चालल्या...

“वाटायची,” त्या म्हणाल्या.

पुढच्या गावी पोचल्यावर प्रफुल्लनं दिलीपकडून किल्ली घेतली. गाडी परत येईपर्यंत गावातल्या पोरांना साध्वींच्या मागे लाल कापड घेऊन चालायला सांगायची व्यवस्था सरपंचांनी केली. प्रफुल्ल गाडी हळूहळू, कडेकडेनं नगरला घेऊन गेला.

टायरवाल्या बोरुड्यांनी त्याच्यासाठी रुंद टायर काढूनच ठेवले होते.

“हे बघा शेठ. भळगटांची गाडी लांबून ओळखू आली पाहिजे.”

प्रफुल्लनं टायरकडे पाहिलं. दिसायला खरोखर देखणे होते. चार दिवसांपूर्वी त्यानं ते डोळे झाकून घेतले असते.

“ओल्या रस्त्यावर सगळ्यात लवकर कुठला थांबतो?”

“ते होय... ते साधे दिसतात. आणि रबर मऊ असतं, लवकर झिजतात. तुमच्यासारख्या माणसाला...”

“झिजू देत. गाडीचा आहे तोच साइज द्या. चारही.”

“मागचे दोन अजून थोडे चालतील की.”

“चारही, बोरुडे.”

टायर बसले. चाकं सरळ करून झाली. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर बोरुड्यांच्या माणसाकडून त्यानं बादल्यांनी पाणी ओतून घेतलं. गाडी वेगात आणून ब्रेक दाबला. थांबली. पुन्हा आणली. थांबली. तो खाली उतरला, चाक आणि पाण्याची कड यांच्याकडे पाहत उभा राहिला, आणि त्याची छाती पुन्हा पहिल्यासारखी फुगली. या वेळी ती रिकामी फुशारकी नव्हती. त्यानं दिसणं सोडून थांबणं निवडलं होतं, आणि ते आपल्याला कळलं याचा त्याला अभिमान वाटत होता.

महासतीजी अजून त्याच गावी लोकांच्या आग्रहानं थांबल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रफुल्लनं गाडी मंदिरासमोरच्या पारापाशी उभी केली. दिलीप आला, सरपंच आले, दोन्ही तरुण साध्वी लांबून पाहत राहिल्या.

“मत्थएण वंदामि, महासतीजी. झालं काम.”

महासतीजींनी हात वर करून आशीर्वाद दिला.

“रुंद घेतले नाहीत,” प्रफुल्ल म्हणाला. “बिनआवाजाचे घेतले नाहीत. पाण्यात थांबतात ते घेतले. मी स्वतः पाणी ओतून पाहिलं. आता माझ्या गाडीपुढे चालताना कुणाला भ्यायचं कारण नाही. मलासुद्धा नाही.”

सरपंचांनी मान डोलावली. “असा श्रावक पाहिजे.”

महासतीजींनी नव्या टायरकडे पाहिलं. काळी नक्षी खोल होती, तिच्यावरचे रबराचे बारीक केस अजून गेले नव्हते.

“चांगलं केलंस.”

प्रफुल्लचं तोंड उजळलं. इतक्या वर्षांत महासतीजींनी त्याला असं कधी म्हटलं नव्हतं. तो वाकून नमस्कार करणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं,

“जुने कुठे आहेत?”

“जुने... बोरुड्यांनी ठेवून घेतले. दुकानात जुने ठेवूनच घेतात.”

“कशाला?”

“विकतात. कुणाच्या तरी गाडीला अजून...”

तो बोलता बोलता थांबला.

महासतीजी वाट पाहत राहिल्या.

“त्या गाडीपुढे कोण चालतंय?” त्यांनी विचारलं.

किल्ली प्रफुल्लच्या हातातच होती. त्यानं गाडी वळवली. सरपंचांनी चहासाठी हाक मारली, ती त्याला ऐकूच आली नाही.

संध्याकाळी उन्हं कलताना तो परतला. महासतीजी तिथल्या शाळेच्या ओसरीवर प्रतिक्रमणाच्या पाठाआधी शांत बसल्या होत्या. या वेळी त्यानं गाडी पारापाशी नेली नाही. बरीच अलीकडे, झाडाखाली लावली आणि चालत आला.

“दोन मिळाले,” तो म्हणाला. “बोरुडे हसत होते. म्हणाले, शेठ, एवढ्यासाठी परत आलात? पण मी समोर उभं राहून करवतीनं कापून घेतले. आता ते कुठल्याच चाकाला बसणार नाहीत.”

“आणि दोन?”

“गेले. मी निघाल्यावर लगेच. त्याच साइजची जुनी गाडी होती कुणाची तरी. वाटेवरचं गिऱ्हाईक. बोरुड्यांना नाव माहीत नाही. नंबर कोण बघतो... तो पाथर्डीकडे गेला की नेवाशाकडे, तेही सांगता येत नाही.”

“शोधलंस?”

“दोन्ही रस्त्यांना जाऊन आलो. ढाब्यांवर विचारलं. उभ्या दिसल्या त्या गाड्यांची चाकं पाहिली. लोकांना वाटलं, माझं काही चोरीला गेलंय.”

तो ओसरीच्या कडेला बसला.

“एवढी गाडी चांगली केली मी,” तो हळू आवाजात म्हणाला. “चांगलीच केली ना?”

“हो.”

“मग आता मी काय करू, महासतीजी? ती गाडी कुणाची, तेच मला माहीत नाही.”

शाळेसमोरच्या रस्त्यावरून एक गाडी गेली. मागे आणखी एक. प्रफुल्लची मान दोन्ही वेळा आपोआप वळली. त्याची नजर चाकांवर गेली, आणि चाकांपुढच्या रस्त्यावर.

महासतीजी ते पाहत होत्या...

“मग आता रस्त्यावरून जाईल ती गाडी तुझी,” त्या म्हणाल्या.