उंबरावरची भागीदारी

उंबराला अजून कुणी पार बांधला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. तांबट पक्ष्याने चोचीने टोकून तीन ढोल्या कोरल्या आणि भाड्याने दिल्या. भाडं म्हणजे रोज एक पिकलं उंबर.

त्याची मैत्रीण साळुंकी म्हणाली, "मला भागीदार करून घ्या, तांबटराव. दोघं मिळून दहा ढोल्या करू!"

तांबटाला नाही म्हणवेना आणि हो म्हणायला धीर होईना.

तेवढ्यात त्याची भाडेकरू खारूताई धावत आली. "ढोली गळतेय हो, पिल्लं भिजली!"

"बघू सवडीने," साळुंकी म्हणाली. "आजचं उंबर मात्र ठेवून जा."

तांबट लगेच ढोलीकडे उडाला. साल आणि चीक लावून त्याने भोक बुजवलं. पिल्लं कोरडी झाल्यावरच तो परतला आणि चाचरत म्हणाला, "साळुंकीबाई, भागीदारी नको. रागावू नका."

साळुंकीने मोठा श्वास सोडला. "सुटले बाई! असं दर वेळी धावावं लागतं, हे मला कुठे ठाऊक होतं? आता नाही कसं म्हणावं, याच विचारात होते."

दोघंही पोट धरून हसली. मग खारूताईने आणून दिलेलं उंबर त्यांनी अर्धं अर्धं खाल्लं. भागीदारी झाली ती तेवढीच, आणि ती आजही टिकून आहे.