चढाची वाट

उंबरदरा नावाच्या गावात म्हाळू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणायचं ते आपण, त्याच्या तोंडावर. माघारी गाव जरा आखूड शब्द वापरायचं. पण पळायला लागला की हरणानं बाजूला व्हावं असा पळायचा. देव एकाच माणसाला सगळं देत नाही, एवढं मात्र खरं.

उंबरदऱ्याला अशा गड्याची फार गरज होती. नवरात्रात डोंगरावरच्या देवीची ज्योत पळत खाली आणायची. उंबरदऱ्याचा एक गडी, पलीकडच्या चिंचटेकचा एक. ज्याची ज्योत आपल्या वेशीत आधी पोचेल, त्या गावाला वर्षभर पालखीचा मान. हा मान चिंचटेकला गेला होता आणि तिथंच मुक्कामाला राहिला होता. शेवटी हैबतीनानांनी भर चावडीत सांगितलं, "यंदा म्हाळूला मी तयार करतो. पालखी आली न्हाई तर ही मिशी उतरवीन."

नाना पळण्यातले मोठे जाणकार. कोणत्या वाटेला चढ किती, उतार किती, सगळं पारावर बसून सांगायचे. स्वतः कधी पळाले नव्हते. पळणारा दमतो, आणि दमलेल्या माणसाला विचार करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

"म्हाळ्या," नाना म्हणाले, "तळ्याकडची वाट सपाट. तिथं म्हाताऱ्यांनी फिरावं. दम वाढवायचा तर चढाची वाट धर. दुसऱ्या वाटंकडं बघायचंसुद्धा न्हाई."

"बरं नाना."

म्हाळू सकाळी म्हसोबाची चढण पळत चढला. न्याहारीला आला नाही. जेवायला आला नाही. दिवस कलला तसा आईनं नानांच्या नावानं गळा काढला. मग नाना स्वतः ती चढण चढले. वाटेत सात ठिकाणी बसले. वर म्हाळू उपाशीपोटी दगडावर बसलेला.

"आरं, खाली का आला न्हाईस?"

"खाली जायला चढाची वाटच न्हाई, नाना. लई हुडकली."

नानांनी कपाळावर हात मारला. "उतार आला तर उतारानं यावं, शहाण्या. पाय सैल सोडायचं, अंग झोकून द्यायचं. मधी थांबायचं न्हाई."

"बरं नाना."

दुसऱ्या दिवशी आईनं त्याला वरच्या आळीला मावशीकडं दह्याचं गाडगं आणायला धाडलं. येताना उतार. म्हाळूनं पाय सैल सोडले, अंग झोकून दिलं. आई दारात हात पुढं करून उभी होती. तो तिच्यासमोरून तसाच गेला, कारण उतार अजून संपला नव्हता. तो ओढ्यात संपला. म्हाळू घरी आला तो गाडग्याचा काठ घेऊन. दह्यावर ओढ्यातल्या मासळीनं ताव मारला.

"कसं शिकवावं ह्याला," नाना म्हणाले. "हातात काही असलं की उताराची वाट धरायचीच न्हाई. ध्यानात ठेव."

ध्यानात ठेवण्यात म्हाळूचा हात कोण धरणार? तिसऱ्या दिवशी तो बारवेवर पाण्याला गेला. बारवेच्या पायऱ्या खाली उतरत जातात, आणि हातात तर घागर. म्हाळूनं घागर वरच ठेवली, मोकळ्या हातानं खाली उतरला, पोटभर पाणी प्यायला, वर आला आणि कोरडी घागर घेऊन घरी गेला.

आई त्या घागरीसकट नानांकडं आली. नानांनाही आता घाई झाली होती. घटस्थापना तोंडावर आली होती आणि गावातली पोरं त्यांच्या मिशीकडं बघून हसायला लागली होती.

"आरं, बारवेवर कुणी ना कुणी असतंच की. हातात वस्तू असली आणि म्होरं उतार आला, तर रिकाम्या हाताचा माणूस बघायचा. वस्तू त्याच्या हाती द्यायची आणि आपण मोकळं उतरायचं. समजलं?"

"समजलं नाना."

आणि खरंच समजलं. दुसऱ्या दिवशी घागर दुसऱ्याच्या हातानं बारवेत उतरली आणि भरून आली. नानांनी मिशीला पीळ दिला. ज्योतीच्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "सगळं शिकवलंय. शिकवलंय तसंच कर."

म्हाळू डोंगर असा चढला की चिंचटेकचा गडी निम्म्या वाटेवरच राहिला. पुजाऱ्यानं पेटती मशाल त्याच्या हाती दिली आणि स्वतः आरतीला आत गेला. म्हाळूनं चारी बाजूंना बघितलं. गाडीवाट खाली जात होती. पायवाट खाली जात होती. डोंगराच्या माथ्यावर दुसरं काय असणार? हातात मशाल, समोर उतार. म्हाळू शहाण्यासारखा बसून राहिला.

बऱ्याच वेळानं चिंचटेकचा गडी धापा टाकत वर आला. म्हाळूनं त्याचे हात बघितले. रिकामे होते.

"धर दादा," म्हाळू म्हणाला. "तुझीच वाट बघत होतो."

त्या गड्याला वाटलं, देवी पावली. त्यानं मशाल घेतली आणि जास्त चौकशी न करता चिंचटेकच्या अंगाला उतरला. म्हाळूनंही पाय सैल सोडले. डोंगरावरून इतक्या लवकर कुणी कधी उतरलं नव्हतं.

उंबरदऱ्याच्या वेशीत ताशे वाजले, गुलाल उधळला. बाया ओवाळायला पुढं झाल्या आणि तिथंच थांबल्या.

"म्हाळ्या," नाना म्हणाले, "ज्योत कुठाय?"

"येती की. चिंचटेकच्या गड्याकडं दिली. त्याचा हात मोकळाच होता."

तेवढ्यात दरीपलीकडून चिंचटेकचे ढोल ऐकू आले.

"पोचली बघा," म्हाळू म्हणाला.

नानांचा हात हळूच मिशीकडं गेला. म्हाळूला नानांची फार दया आली. माणसानं आपल्यासाठी एवढे कष्ट घेतले, तर आपणही त्यांच्या उपयोगी पडावं.

"नाना, न्हाव्याला आणू?" तो म्हणाला. "त्याचं घर चढाच्या वाटंला हाय. माझं हात बी मोकळं हायेत. हा गेलो आणि हा आलो."