साहेबांचा फोटो

शेजारच्या मृण्मयीकडे विरजण मागायला गेले ती तिथेच बसले, कारण लॅपटॉपमधून तिचे साहेब गरजत होते. "मॅट्रिक्सच्या कोष्टकांचा गुणाकार जागच्या जागीच, आकड्याला समोरचा आकडा! आडव्या ओळीला उभी ओळ लावायचा हट्ट सोड, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"सर, तिरप्या रेघेवर एक आणि बाकी सगळे शून्य, अशा कोष्टकाने गुणलं तर काही बदलत नाही ना?"

"अर्थात! ते म्हणजे कोष्टकांमधला ‘एक’ हा आकडाच."

"मग तुमच्या पद्धतीने तुमचाच फोटो गुणते. तोही आकड्यांचं कोष्टकच, दर ठिपक्याला एक आकडा, काळ्याला शून्य."

पडदा काळाकुट्ट झाला, उरली फक्त एक तिरपी रेघ. मग मृण्मयीने आपल्या पद्धतीने, आडव्या ओळीला उभी ओळ लावून गुणल्यावर साहेब मिशांसकट परत आले.

"पहिल्या फोटोत तुम्ही सापडलात, सर, तर उद्यापासून येत नाही."

साहेब खाकरले. "उद्या जरा लवकर ये."

विरजण मात्र राहिलंच!