तेलात विरघळणारा लाल

"आणखी काय करू मी, चाचा?"

दामलेने हे तिसऱ्यांदा विचारलं. सारंगचाचांनी तिसऱ्यांदा ऐकलं आणि सुपारी कातरत राहिले.

चाचा म्हणजे घाटाखालच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्याचे जुने रंगमास्तर. निवृत्त होऊन सात वर्षं झालेली. गुडघे गेले, डोळे शाबूत. दामले तिथला आताचा मुख्य केमिस्ट. पदवी घेऊन कोरा आला, तेव्हा रंग पारखायला त्याला चाचांनीच शिकवलं होतं. साहेब झाल्यावर मात्र त्याला या पडवीची वाट सापडत नव्हती. आज सापडली.

"अडला हरी म्हणतात ना," चाचा म्हणाले. "मग यात मी कोण झालो, ते तूच बघ."

दामले हसला नाही. कारखान्यातून तसाच आला होता. हात मनगटापर्यंत लाल.

"यशवंत घागने राजीनामा दिलाय. शनिवारी शेवटचा दिवस. बावीस वर्षं काढली त्याने."

"माहीत आहे. मीच लावला होता त्याला... नीट सांग काय झालं. फिरवून सांगू नकोस, दमलोय मी."

दामलेने सांगितलं.

मेणबत्तीवाल्यांसाठी लाल रंग बनवला होता. बूटपॉलिशला, बॉलपेनच्या शाईला, ट्रकच्या मागच्या दिव्याच्या प्लॅस्टिकला जातो, त्याच घराण्यातला. असा रंग मेणात पुरता विरघळावा लागतो. त्यात न विरघळणारी भुकटी मिसळलेली असली तरी मेणबत्ती दिसायला छानच होते. पण ती भुकटी वातीत जाऊन बसते आणि ज्योत गुदमरते.

गिऱ्हाइकाच्या मेणबत्त्या दोन बोटं जळून विझल्या. सगळा माल परत आला.

त्याच दिवशी पाळी सुटताना दामले गेटवर उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, घागने चुकीचा ड्रम ओतला.

"ओतला होता?"

"नाही... ड्रम बरोबर होता. बाहेरून आलेल्या मालातच भेसळ होती. तो माल मी पास केला होता."

"टिपकागद?"

दामले खाली बघू लागला.

टिपकागद ही चाचांची रीत. चिमूटभर रंग थिनरमध्ये विरघळवायचा आणि टिपकागदावर एक थेंब सोडायचा. निव्वळ रंग असेल तर सारखा पसरत जातो. भेसळ असेल तर मधोमध ठिपका उरतो. दोन मिनिटांचं काम.

"यंत्राने ठीक दाखवलं होतं," दामले म्हणाला. "परवा उरलेल्या नमुन्याचा थेंब सोडून बघितला. ठिपका उरला."

"हं."

"लाज वाटते, चाचा. झोप नाही. काल त्याच्या घरी गेलो. चूक माझी, म्हटलं. पाया पडलो. पेढे नेले होते. राजीनामा मागे घे, म्हणून विनवलं."

"मग?"

"राहू दे साहेब, म्हणाला. पाणी दिलं. दारापर्यंत सोडायला आला नाही."

चाचांनी सुपारी तोंडात टाकली.

"घरी कोण होतं?"

"तोच. बायको बाजारात गेली होती. ती नसताना गेलो... बरं पडलं."

"आणि त्या दिवशी गेटवर?"

"सुटलेली पाळी, येणारी पाळी. दोनशे तरी असतील."

"हं..."

"तिथे बोललो तर माझं काय राहील, चाचा? उद्या माझं ऐकेल कोण? मी त्याची माफी मागितली आहे. मनापासून मागितली आहे. अजून काय उरलंय?"

चाचा आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "सुनबाई, दोन चहा ठेव." मग गुडघ्यावर हात टेकून कसेबसे उठले आणि पडवीच्या कडेला ठेवलेला तांब्या उचलला.

"चहा घ्यायचाय. हात धू."

दामलेने हात पुढे केले. चाचा पाणी ओतू लागले. दामले हात चोळत राहिला. पाणी लालीवरून घरंगळून खाली पडत होतं, जसं होतं तसंच स्वच्छ.

तांब्या संपला. चाचांनी बादलीतून पुन्हा भरला आणि पुन्हा ओतला.

"नीट चोळ. मनापासून."

तिसरा तांब्या. धार थांबत नव्हती.

"चाचा, पुरे," दामले वैतागून म्हणाला. "बादली ओतलीत तरी हा पाण्याने जायचा नाही. तेलात विरघळणारा रंग आहे हा. तुम्हीच तर शिकवलंत..."

बोलता बोलता तो थांबला.

हात तसेच पुढे, ओले आणि लाल. आतून चहाचा वास आला.

चाचांनी तांब्या खाली ठेवला. कोनाड्यातली खोबरेल तेलाची बाटली काढून त्याच्या ओंजळीत थोडं तेल ओतलं आणि हाश्श करून पुन्हा बाकावर बसले.

"सकाळची पाळी," त्यांनी विचारलं, "अजून सातलाच भरते ना?"